दुसऱ्या रकान्यातलं नाव

धनसिंग राठोडचं डोकं कुऱ्हाडीच्या एकाच घावात उकललं होतं. महागावच्या प्रचार कचेरीत तो खुर्चीवरच कलंडला होता. समोर चहाचे दोन कप भरलेलेच, झटापटीची खूण नाही. येणारा ओळखीचाच असणार, हे इन्स्पेक्टर शगुफ्ता काझींनी तिथंच ताडलं.

लाचेच्या भानगडीत बदनाम झालेल्या आमदारानं माघार घेतली आणि विधानसभेचं तिकीट धनसिंगला मिळालं. आज अर्ज भरायचा शेवटचा दिवस, मुदत तीनची. त्याच्या खिशातला पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, मात्र गायब होता.

बाहेर आरडाओरडा उठला. त्या आमदाराचा ड्रायव्हर मुख्तार अंगणात पडला होता आणि पंधरा-वीस जण त्याला काठ्यांनी बडवत होते.

"मारा त्याले! याच्या मालकाचंच काम हाय!" उकंडा ओरडत होता. हा धनसिंगचा उजवा हात, आणि यंदा त्याचा डमी, म्हणजे पर्यायी उमेदवार.

शगुफ्तांनी हवेत गोळी झाडली तेव्हा कुठं लोक हटले. मुख्तार रक्त ओकत होता. शगुफ्तांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला दवाखान्यात धाडून त्या उकंडाकडे वळल्या.

"सकाळी कुठं होतास?"

"राळेगावले गेलतो, मॅडम. मामाची सही आणाले. माह्या अर्जावर सूचक हाय तो."

"मामा तिथंच राहतात?"

"जनमापासून. मत बी तिथंच देते."

"धनसिंगचे अर्ज कोण भरायचं?"

"मीच. तीन इलेक्शनं."

"मग चौथ्यांदा कसं चुकलं? सूचक याच मतदारसंघाचा मतदार लागतो. राळेगावच्या सहीनं अर्ज बाद होतो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? लांबचं गाव सांगायच्या नादात फसलास. एबी फॉर्मवर पहिलं नाव धनसिंगचं, दुसरं डमीचं. पहिला गेला की तिकीट तुझं. तीनपर्यंत तो कागद तू जवळच ठेवणार. झडती घ्या याची!"

जाकिटाच्या आतल्या खिशातून फॉर्म निघाला. कडेला रक्त लागलं होतं.

"जनमभर त्याच्या सतरंज्याच उचलू का?" उकंडा खेकसला.

काठ्या पुन्हा उगारल्या गेल्या, या वेळी उकंडावर. तेवढ्यात शगुफ्तांचा फोन वाजला. दवाखान्यातून होता.

"मुख्तार गेला," त्या म्हणाल्या.

एकेक जण काठी टाकून फाटकाकडे सरकू लागला.

"फाटक लावा," शगुफ्ता हवालदाराला म्हणाल्या. "एक खून उकंडानं केला. दुसरा ज्यांनी केला, ते सगळे इथंच उभे आहेत."