आमच्या नावानं गेलेला मेल

लिफ्टमध्ये त्यानं माझ्या हातातली पेटी पाहिली आणि पुढे होऊन म्हणाला, "द्या, मी धरतो."

"जड आहे."

"असू द्या हो..."

पेटी हातात येताच तो कमरेतून वाकला. आत वीस किलोंची पितळी वजनं होती. मला हसू आवरेना.

"कितव्या मजल्यावर?" त्यानं धाप लपवत विचारलं.

"चौथ्या. आमचं मेल सांभाळणाऱ्या होस्टिंगवाल्यांकडे. भांडायला."

"वजनं घेऊन?"

"ती दुसऱ्या कामाची आहेत. पण वेळ पडली तर..."

"मग इथंच भांडून घ्या," तो म्हणाला. "वजनकाटेवाले ना? तुमची तक्रार माझ्याच टेबलावर आहे."

आमचं काम वजनकाट्यांचं. औषध दुकानांचे, प्रयोगशाळांचे काटे तपासायचे, दुरुस्त करायचे आणि प्रमाणपत्र मेलनं पाठवायचं. बाबांनंतर कागदोपत्री सगळं दादाचं होतं, हात मात्र माझे. दोन महिने आमचे मेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडत होते.

दुसऱ्याच दिवशी तो वर्कशॉपवर आला. बाहेर पाऊस, चष्म्याच्या काचेवर थेंब. शर्टाच्या टोकानं पुसत समजावायला लागला.

"आत्ता तुमच्या डोमेनच्या, म्हणजे मेल-पत्त्यातल्या कंपनीच्या नावानं कुणीही मेल पाठवू शकतं. पाठवणारा खरा की तोतया, हे समोरच्याला कळत नाही. म्हणून आपण यादी लिहायची, की आमच्या नावानं फक्त हे पाठवतील. प्रत्येक मेलवर डिजिटल सही जाईल. आणि कुणी कुणी पाठवलं, त्याचा रिपोर्ट रोज येईल."

"आणि यादीत नसलेले?"

"त्यांना अडवायचं. पण लगेच नाही. आधी महिनाभर नुसतं बघायचं."

"महिनाभर नुसतं बघत बसणार तुम्ही?"

"मला चालेल," तो म्हणाला. स्क्रीनकडे तो बघत नव्हता.

मग रोज दुपारी यायला लागला. मी काटा उघडून बसलेली, तो समोरच्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन. चिमट्यानं मिलिग्रॅमचं वजन उचलताना मी श्वास रोखायचे, तर तोही रोखायचा. दुसऱ्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं, कधी ते आठवत नाही.

वहिनीनं त्याचं नाव पोस्टमास्तर ठेवलं. एकदा चहा देताना म्हणाली, "रिपोर्ट याला ऑफिसातूनही दिसत असतील ना गं?"

"दिसतात," तोच म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. माझेही.

महिना भरत आला तेव्हा प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला. बाबांच्या वेळचं गिऱ्हाईक.

"वाईट वाटलं गं वाचून. पुढच्या महिन्यापासून बंद करताय ना?"

मी मेल मागवून घेतला. आमच्या नावानं, आमच्या पत्त्यावरून. सर्व कामकाज दुसऱ्या कंपनीकडे सोपवत आहोत, आजवरच्या विश्वासाबद्दल आभार.

दुपारी तो आल्या आल्या मी फोन त्याच्या पुढ्यात धरला. "सापडला तुझा तोतया. बघ, आमच्या नावानं काय पाठवलंय."

त्यानं वाचलं. मग चष्मा काढला आणि तसाच हातात धरून बसला.

"हा तोतया नाहीये," तो म्हणाला. "यादीत आहे. मीच घातलाय."

"कुणी सांगितलं?"

"दादांनी. तीन आठवड्यांपूर्वी. सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम कळवायचं होतं, त्यासाठी मेल पाठवणारी वेगळी सेवा घेतली त्यांनी. कशासाठी, ते मी विचारलं. तर म्हणाले, धंदा देऊन टाकतोय, तिला मी सांगतो, तू बोलू नकोस."

"आणि तू बोलला नाहीस."

"डोमेन त्यांच्या नावावर आहे. गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर..."

"मी बाहेरची?"

त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाला, "रोज वाटायचं, आज सांगितलं असेल त्यांनी. आणि तू हसताना दिसायचीस... मग मला तेवढाच एक दिवस आणखी मिळायचा."

सोमवारी दादानं करारावर सहीही केली होती, तेही त्यानंच सांगितलं. तीन आठवडे आधी कळलं असतं, तर मी भांडले असते, रडले असते, मॅडमना घेऊन दादासमोर बसले असते. कदाचित काहीच झालं नसतं. पण भांडायला तरी मिळालं असतं.

"मी अजूनही यादीतली ती नोंद काढू शकतो," तो म्हणाला.

"मेल गेलेत सगळ्यांना."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे आज सांगायचं नव्हतं... असं तर नाहीच."

"माहीत आहे," मी म्हणाले. "तू विचारणार होतास आणि मी हो म्हणणार होते. वहिनीला सांगूनही ठेवलं होतं."

"मग?"

"आता तू गप्प बसलास की मला वाटत राहील, याला आणखी काय माहीत आहे. तसं मला जगायचं नाही."

"मी आवडत नाही का तुला?"

"आवडतोस. उद्यापासून येऊ नकोस."

त्यानं लॅपटॉप बंद केला, स्टूल नीट भिंतीला लावलं. दाराशी थांबला. जिन्यावर त्याची पावलं ऐकू येत राहिली. खालच्या वळणावर एकदा थबकली, मग पुढे गेली.

समोर एका औषध दुकानाचा काटा उघडा होता. त्याचं पारडं माणसाच्या श्वासानंसुद्धा हलतं. मी पारड्याभोवतीची काच खाली ओढली आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघत बसले. तो झाल्यावरही बसूनच राहिले.