बोअरात ओतलेला टँकर

हसू नका रं. ज्याच्यावर बेतली तो कानिफनाथ माझ्या सख्ख्या साडूचा पोरगा हाय. खोटं बोलून मला काय कुनी जहागिरी देनार हाय व्हय?

खर्ड्याच्या अलीकडं रस्त्याला एक पेट्रोल पंप हुता, आता बंद पडलाय. त्याच्या जमिनीतल्या टाक्या गंजल्या आन् पेट्रोल झिरपत खालच्या वस्तीच्या विहिरीत उतरलं. वास यायचा, पर दुसरं पानी कुठंय? लोक तेच शेंदायचे. एका पहाटे लाईट न्हवती, म्हनून भिमाबाई चिमनी घेऊन विहिरीत वाकली. भडका उडाला. दवाखान्यात म्हातारी 'पानी, पानी' करत गेली. तवा कुठं पानी उपसून साफ करायचं मशीन बसलं आन् पानी तपासाया शेजारी एक बोअर पाडलं, ते समदं कानिफच्या ताब्यात.

एक दिस मशीनचा ठेकेदार त्याला म्हनला, "उद्या सायेब तपासनीला येत्यात. बोअरचं पानी चांगलं निघालं की मशीन उचलायचं, बिल घ्यायचं."

"पर अजून लई घान हाय, शेट."

"मग रातीला बोअरात चांगल्या पान्याचा टँकर वत. नमुन्याची बाटली तर तूच भरनार न्हवं?"

चैतातली अवस, सोमवारची रात. वस्तीवर रिकामे हंडे रांगेत पडलेले, आन् ह्या बेन्यानं टँकरचा पाईप बोअरात सोडला! मशीन गेल्यावर लेकरं काय पितील, ह्याचा इचार न्हाई. सांगताना बी माझं टाळकं फिरतं.

पानी गळगळत हुतं. मागनं आवाज आला.

"लेकरा, घोटभर दे."

बाई हुती. पदर पार हनुवटीपोत्तर वढलेला. भांडं न्हाई. नुसती ओंजळ.

"सरकारी पानी हाय, मावशे. वाटायचं न्हाई."

"अंगाची लई आग हुतीया रं..."

"सांगितलं न्हवं? जा घरी!"

आरं, दारात वैरी आला तरी आपन पान्याला न्हाई म्हनत न्हाई. ह्यानं म्हटलं.

ती हलली न्हाई. कुत्रं भुकंना. पेट्रोलचा वास आला... मग जळक्या केसांचा.

कानिफनं तो आवाज वळखला.

"भिमा... आज्जे?"

तिनं त्याची दोन्ही मनगटं धरली. चटका बसला.

"वत," ती म्हनली. "समदं वत... आता तुज्या हातचं पानी... तूच पी."

मग कोनीच न्हवतं.

सकाळी सायबाम्होरं त्यानंच बाटली भरली. अख्खा टँकर वतलेला, तरी सायबानं नाकाला रुमाल लावला. मशीन हाललं न्हाई. अजून चालू हाय, विहीर निवळाया लागलीया. ठेकेदार बसला बोंबलत. बसू दे!

पर कानिफ... गेल्या दिवाळीत माझ्याकडं आला. पार वाळलेला. मी तांब्या म्होरं केला, तर हात मागं.

"काका, तुमीच वरनं तोंडात वता. घरी बी बायकूच पाजती."

"काय नाटकं लावलीस? धर ओंजळ!"

धरली बिचाऱ्यानं. आमच्याच आडाचं पानी, सकाळीच शेंदलेलं. मी वतलं. ओंजळ भरली. बघतो तर... पान्यावर रंगीत तवंग फिरतोय. गोल गोल.

 

आन् चुलीपुढनं तुमची काकी वराडली, "आवं, पेट्रोल कुनी आनलं घरात?"