सकाळचं पहिलं गिऱ्हाईक

सान रोके बझारची दारं सकाळी आठला उघडतात. त्याआधी स्पीकरवरून प्रार्थना होते. आम्ही सगळ्याजणी हात जोडून उभ्या असतो आणि एका डोळ्याने आपापला माल सारखा करत असतो. दिविसोरियाच्या बाजारात धंदा करायचा म्हटल्यावर देवालाही एवढं समजून घ्यावं लागतं.

माझं नाव ओनोराता; धाकटे आलिंग ओनोर म्हणतात, म्हणजे ओनोरबाई. तिसऱ्या मजल्यावर सरकत्या जिन्यापासून आमची ओळ सुरू होते. अकरा गाळे. माझा अगदी शेवटचा, लेस आणि रिबिनींचा. दोन पलंग शेजारी टाकले तर भरून जाईल एवढी जागा. माझ्या अलीकडे बासिलिसा, चपलावाली, आणि तिच्या अलीकडे कुया प्लासिदो, म्हणजे प्लासिदोदादा, पडदेवाले. माझी लेक लुदी माझ्याबरोबरच बसते; आईला ती नानाय म्हणते. तिचा चार महिन्यांचा मुलगा काउंटरच्या मागे, लेसच्या गठ्ठ्यांमध्ये बांधलेल्या झोळीत झोपतो. खाली ताबोरा गल्लीतला गलका, चिकटपट्ट्या ओरबाडल्याचे आवाज, नव्या प्लास्टिकचा उग्र वास, सप्टेंबरपासूनच सुरू झालेली नाताळची गाणी, यातलं काहीही त्याला उठवू शकायचं नाही. उठायचा तो फक्त भुकेला. आणि त्याने नुसतं ओठ हलवून कुरकुर केली तरी लुदीची मान वळायची. गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू असली तरी, तोंडात घास असला तरी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी भुताखेतांची बाई नाही. कॉलेजात दोन वर्षं रसायनशास्त्र शिकले, मग लग्न झालं आणि ते सुटलं. आमच्या ओळीत कुणाला चक्कर आली की बाकीच्या क्रूसाची खूण करतात. मी पंख्याचं तोंड तिकडे वळवते.

ती बाई पहिल्यांदा आली ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी. दारं नुकती उघडली होती. पन्नाशीची असेल. फिकट रंगाचा, कडक इस्त्रीचा ब्लाउज, केस घट्ट बांधलेले. तिसरा मजला थेट पत्र्याखाली आहे, सकाळी आठलाच आमच्या पाठी ओल्या होतात. तिच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

ती बासिलिसाकडे थांबली. रबरी चपलांचा एक जोड उचलला. भावात फारशी ओढाताण केली नाही. पैसे दिले आणि म्हणाली, "वर काय देतेस?"

बासिलिसा हसली. तिचं हसू म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे लोक मान वर करून बघायचे असं. "वर? बाई, या जोडात मला काही सुटत नाही. हे हसू तेवढं आहे, ते घेऊन जा!"

"देतेस?"

"घ्या की. फुकटच आहे."

बाईने मान हलवली आणि गेली. बासिलिसाने भवानीची नोट चपलांच्या ढिगावरून फिरवली आणि कामाला लागली.

दुपारी जेवताना मी तिला कुया प्लासिदोच्या मेव्हण्याची फजिती सांगितली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. "मजेशीर आहे," ती म्हणाली, आणि भात चिवडत राहिली. मला वाटलं, दात दुखत असेल.

आठवडा गेला तरी ती हसली नाही. नाराज नव्हती, आजारी नव्हती. हसायची जागा आली की तिचा चेहरा नुसता वाट बघायचा.

मग कुया प्लासिदोची शीळ गेली. पडद्यांना कडी लावताना ते शीळ घालायचे, अखंड, तीस वर्षं. एका सकाळी त्यांनी ओठांचा चंबू केला आणि त्यातून नुसती हवा आली. डॉक्टरांनी घसा तपासला, फुप्फुसं तपासली. काही निघालं नाही.

मला रंगांचा संशय आला. कापडाच्या रंगात काय काय असतं ते मी शिकले होते. मी ऑफिसात जाऊन भांडले आणि आमच्या ओळीला आणखी एक मोठा पंखा मिळवला. कुया प्लासिदो पंख्यासमोर बसून म्हणाले, "ओनोर, सकाळी पहिली आलेली ती बाई. पडदा घेतला आणि वर काय म्हणून विचारलं. मी चेष्टेत म्हटलं, शीळ घेऊन जा."

"कुया, तुम्ही सुद्धा!" मी म्हटलं. पण हसू आलं नाही.

शुक्रवारी मला पाणी आणायला खाली जावं लागलं. परत आले तेव्हा ती बाई जिन्याकडे निघाली होती. हातात मीटरभर पांढरी लेस. आमचीच.

"नानाय, किती गोड बाई!" लुदी म्हणाली. "म्हणाल्या, बाळ कुरकुरलं की तुझी मान कशी आपोआप वळते गं. तेच वर दे मला."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? भवानीचं गिऱ्हाईक. घ्या म्हटलं."

दहा वाजता बाळ उठलं. आधी कुरकुरलं, मग रडायला लागलं. लुदी रिबिनीचं रीळ गुंडाळत होती. गुंडाळतच राहिली.

"लुदी."

"काय, नानाय?"

"अगं, बाळ."

"हो, रडतंय कुणाचं तरी."

मी बाळाला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने पाजलं. हात बरोबर होते, डोक्याखाली कोपर बरोबर होतं. पण दुसऱ्याचं पुडकं सांभाळावं तसं तिने त्याला धरलं होतं. रात्री घरी तिने माझा हात पकडला. "मला दिसतं की तो रडतोय. तो माझाच आहे हे मला माहीत आहे. पण तो फक्त कुणीतरी रडत असतो, नानाय." एवढं बोलून ती स्वतः रडली. तिसऱ्या दिवशी बाळ रडायचंच थांबलं. झोळीत डोळे उघडे ठेवून पडून राहायचं. त्या दिवशी मी रंगांचा विचार सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी मी दामासोला गाठलं. तो पहारेकरी. सरकता जिना रोज तोच सुरू करतो आणि तासभर खालीच उभा असतो.

"फिकट ब्लाउजवाली, घट्ट केस? पाहिलीय," तो म्हणाला.

"किती वाजता चढते?"

तो विचारात पडला. "चढताना नाही पाहिलं कधी."

"म्हणजे?"

"उतरताना रोज बघतो, आलिंग ओनोर." मग टोपी काढून त्याने डोकं खाजवलं. "मला हे आत्ता कळलं."

मी दुपारभर बसून विचार केला. तिने कुणाकडून काही हिसकावलं नव्हतं. मागितलं, आणि मिळालं. आणि दर वेळी ती पहिलं गिऱ्हाईक होती. भवानीच्या गिऱ्हाइकाला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं की दिवस बसला. अकरा गाळ्यांतल्या एकाही माणसाने आयुष्यात ते केलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी सगळ्यांना कुया प्लासिदोच्या पडद्यांमागे गोळा केलं.

"उद्या प्रार्थना चालू असतानाच आपण एकमेकांची भवानी करायची," मी म्हटलं. "मी बासिलिसाकडून घेईन, बासिलिसा कुयांकडून, अशी थेट जिन्यापर्यंत. पहिल्या गाळ्याने माझ्याकडून घ्यायचं. आठला एकही भवानी शिल्लक राहता कामा नये."

"पडदा? मला?" बासिलिसा म्हणाली. "माझ्या घराला खिडकी तरी आहे का?"

एरवी याच वाक्यावर ती स्वतः सगळ्यांत आधी फुटली असती. कुणीच हसलं नाही. त्यामुळेच बहुधा सगळे तयार झाले.

सकाळी स्पीकरवर प्रार्थना सुरू झाली आणि आमच्या ओळीत नोटा फिरल्या. चपला, पडदे, मोजे, टाचण्यांची डबी. आमेन झालं तेव्हा अकराही गाळ्यांची भवानी झालेली होती.

दारं उघडली. मी जिन्यावर नजर लावून होते. जिना रिकामाच वर येत होता. आणि ती पहिल्या गाळ्यासमोर उभी होती.

मोज्यांची जोडी उचलून ती काहीतरी म्हणाली. मोजेवालीने मान हलवली. "भवानी झाली, बाई. वर काही मिळणार नाही."

ती दुसऱ्या गाळ्याकडे आली.

"झाली."

तिसऱ्या.

"झाली, बाई."

आवाज कापत होते, पण शब्द तोच होता. कुया प्लासिदोंनी तो छातीतून काढला. बासिलिसाने तो तिच्या तोंडावर फेकला. मग ती माझ्यासमोर आली. जवळून तिला कसलाच वास नव्हता. दिविसोरियात वास नसलेलं काहीही नसतं.

"तुझी?" तिने विचारलं.

"झाली. पण तुमच्याशी सौदा करायचा आहे."

तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. बाजारात चाळीस वर्षं काढल्यावर ते ओळखता येतं. हावच ती. "काय विकतेस?"

"तुम्ही मागाल ते. माझं स्वतःचं. पण या ओळीतून जे जे नेलंत, ते सगळं परत."

"सगळं? एकाच्या बदल्यात?" ती मऊ हसली. "चपलावालीचं परत देते."

"सगळं."

"शीळ पण घे."

"सगळं, बाई. एकच भाव."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाठ फिरवली.

हा डाव मला ठाऊक होता. रोज शंभर गिऱ्हाइकं तो खेळतात. पाठ फिरवतात, सावकाश चालायला लागतात, आणि आपण मागून हाक मारायची वाट बघतात. आपण मारतोच. ती हाक आमच्या हाडात असते. माझ्या जिभेवर ती आली. मी ती दातांखाली धरली.

ती बासिलिसासमोरून गेली. बासिलिसाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं.

कुया प्लासिदोंनी टेबलाची कड पकडली होती.

सातवा गाळा. पाचवा. कुणी हाक मारली नाही. पंखे फिरत होते. नाताळचं गाणं मध्येच अडकल्यासारखं एकच ओळ म्हणत होतं.

ती जिन्याशी पोचली. उतरत्या पायरीवर पाऊल ठेवलं.

पायऱ्या खाली जात राहिल्या. ती तिथेच उभी होती.

झोळीत बाळ उघड्या डोळ्यांनी पत्र्याकडे बघत होतं. माझ्या मानेवरून घाम ओघळला. मी तो पुसला नाही.

मग ती वळली.

प्रत्येक गाळ्याशी ती थांबली. काही जणांच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटली. दोघीजणी अशाही निघाल्या, ज्यांनी काय गेलं ते आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. बासिलिसानंतर ती लुदीकडे वाकली. लुदीने डोळे मिटले.

"आता माझं," ती मला म्हणाली.

"मागा."

ती माझ्या कानाशी आली. "समोरच्याचा चेहरा पडला की तुझ्या घशाशी काहीतरी येतं ना. आणि मग तू भाव सोडतेस. ते."

मला हसूच फुटलं. एवढंच? त्याच्यापायी मी आयुष्यभर नुकसान सोसलं होतं. बसभाड्यापुरतेच पैसे उरलेल्या म्हाताऱ्या, शाळेच्या नाटकाला रिबीन हवी असलेल्या मुली. बाई, तुम्ही फसलात, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

"घेऊन जा," मी म्हटलं.

ती उतरली. या वेळी जिन्याने तिला नेलं.

बाळाने ओठ हलवले. नुसतं कुरकुरलं. आणि लुदीची मान वळली.

त्यानंतर काय कल्ला झाला! लुदीने बाळाला असं छातीशी धरलं की ते घाबरून खरंच रडायला लागलं, आणि त्याचं रडणं ऐकून बासिलिसा हसायला लागली. खालच्या मजल्यावरचे लोक रेलिंगशी धावले. कुया प्लासिदोंनी शीळ घातली, मध्ये अडकलेलं ते गाणं पुरं केलं, आणि मोजेवाली वाटेतच नाचली. दुपारी परातभर पान्सित आला. त्यातल्या नूडल्स न तोडता उचलून सगळ्यांनी माझ्या ताटात वाढल्या, आयुष्य लांबावं म्हणून वाढदिवसाला वाढतात तशा. बासिलिसाने सोनेरी रिबिनीचा मुकुट करून माझ्या डोक्यावर ठेवला. "आमची राणी!" ती ओरडली. "हिच्याशी घासाघीस करणारा अजून जन्माला यायचाय!"

ते खरंच ठरलं. त्या वर्षी माझा धंदा असा चालला की मी समोरच्या ओळीतला एक गाळाही घेतला. मी सांगेन त्या भावाला लोक माल उचलतात. कुणी वाद घालत नाही. घातला तर मी थांबते, आणि त्यांचीच नजर खाली जाते. लुदी कधीकधी म्हणते, "नानाय, त्या म्हातारीला थोडं कमी करायचं होतं की." मी विचारते, का? ती बाळाला घेऊन पलीकडे वळते.

डिसेंबरात एक मुलगी आली. जानेवारीत तिचं लग्न होतं, पाहुण्यांना द्यायच्या पुड्यांना रिबीन हवी होती. नाव काय छापायचं विचारलं तर तिने आधी स्वतःचं सांगितलं, मग त्याचं. त्याचं नाव घेताना तिचा आवाज किंचित लाजला.

मी रिबीन मापली. कापली. गुंडाळी करून तिच्या हातात दिली. ती माझ्याकडे बघत होती, कारण मी तिच्याकडे बघत होते.

तो लाजलेला आवाज केवढा आहे, त्याचं वजन किती आणि तो उन्हाळ्यात टिकेल की नाही, हे मला नेमकं दिसत होतं.

"मी आणखी काही द्यायचं आहे का, बाई?" तिने विचारलं.

मी खाली पाहिलं. रिबीन तर तिच्याच हातात होती. आणि माझ्या दोन्ही हातांत, त्या लाजलेल्या आवाजाच्या मापाची एक छोटी पिशवी, तोंड उघडून धरलेली होती.