चौथी थाप

मंचरला मी गेलो होतो तो फक्त माझे दोन बेस-बॉक्स पोचवायला. २००३ सालची गोष्ट. शिनोलीत माझं साउंडचं दुकान होतं आणि त्या बॉक्सच्या फळ्यांवर रंधा मी स्वतः मारला होता. फुशारकी म्हणा हवं तर, पण घोडेगावपासून बेल्ह्यापर्यंत तसा ठोका दुसऱ्या कुणाच्या बॉक्समधून निघत नव्हता.

नेमीचंदशेठच्या बटाट्याच्या वखारीखाली तळघर होतं. त्यांचा नातू अंकित पुण्याला शिकायला गेला आणि टेक्नो-हाऊस या नाचाच्या संगीताचं वेड घेऊन परतला. दहानंतर आवाज बंद करावा लागतो, म्हणून तळघरातला नाचाचा कार्यक्रम त्यानं सहालाच ठेवलेला. पुण्याहून तीस-चाळीस पोरंपोरी आली. वाजवणारा मात्र आलाच नाही. त्याची गाडी वाटेत बंद पडली.

"सुदर्शन, तूच उभा राहा," अंकित म्हणाला. "शिकवलंय की तुला."

शिकवलं होतं खरं. दोन तबकड्या, मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके, आणि एक गाणं दुसऱ्यात असं मिसळायचं की सांधा कुणाला कळता कामा नये. शेवट म्हणून नसतोच. मला ते जड गेलं नाही. माझे वडील हौशीराम आमच्या मूळ गावच्या ढोल-लेझीमचे म्होरके होते. ठोका माझ्या मनगटात त्यांच्याकडूनच आलेला.

त्यांचा एक नेम होता. ढोल कितीही रंगला, तरी शेवटी मोकळ्या हातानं तीन थापा द्यायच्या. ऐकायला आलेल्यांनी आता घरी जावं म्हणून. दिसणाऱ्यांनी, आणि न दिसणाऱ्यांनीही. "चौथी मारायची न्हाई," ते बजावायचे. "चौथी म्हंजी आवतण." गाव डिंभ्याच्या धरणात बुडालं, तरी दरसाल ते काठावर उभं राहून, पाण्याकडे तोंड करून तीन थापा द्यायचे. ते गेले, ढोल खुंटीला लागला, आणि जुनं खूळ म्हणून मी तो नेम सोडून दिला.

त्या संध्याकाळी मी साडेतीन तास वाजवलं. एकदाही सांधा दिसू दिला नाही. कोंब फुटलेल्या बटाट्यांचा उग्र वास, जमिनीवरून उडणारी माती, घामेजलेली पोरं, आणि छातीवर आदळणारा माझ्या बॉक्सचा ठोका. मी कुणीतरी आहे, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

साडेनऊला जनरेटरचं डिझेल संपलं. गाणं मधेच तुटलं. मिट्ट काळोख. पोरं हसत, धडपडत जिना चढून वर गेली. तबकड्या राखायला मी एकटा खाली राहिलो.

त्यांचा आवाज हळूहळू विरला...

पण पायांचा आवाज विरला नाही.

धप्, धप्, धप्, धप्. तोच वेग. अनवाणी पाय, पुष्कळ. बटाट्यांचा वास गेला होता आणि भिजलेल्या गुलालाचा वास सुटला होता. जिना त्या पायांच्या पलीकडे होता, आणि ते पाय जवळ येत होते.

मग उमगलं. मी शेवट केलाच नव्हता.

चाचपडत बॉक्स शोधला आणि फळीवर तळहातानं थाप दिली. एक... दोन... तीन.

पाय थांबले. सगळं चिडीचूप. माझाच श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग अगदी कानाशी एक म्हातारा आवाज आला. "हौशीरामचा पोरगा व्हय रं?"

"व्हय..."

"लई दिसांनी असं नाचलो... थाप बापाचीच हाय."

काय सांगू! भीती कुठल्या कुठे पळाली. हयातीत वडिलांनी मला कधी शाबासकी दिली नव्हती. ती आज या अंधारात त्यांच्या गावच्या माणसांकडून मिळाली. ऊर भरून आला, हात आपोआप उचलला गेला, आणि मी चौथी थाप मारली. चांगली ठणठणीत.

अंकित बॅटरी घेऊन उतरला, तेव्हा तळघरात कुणीच नव्हतं. "बॉक्स राहू दे, सकाळी ने," तो म्हणाला. मी रिकामा टेंपो घेऊन निघालो. घोडेगावच्या पुढच्या चढाला टेंपो दम टाकू लागला. पहिल्या गिअरवर घेतला, तेव्हा कुठे चढला. खाली उतरून पाहिलं, तर हौदा रिकामा होता आणि चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मात्र उसाच्या मोळ्या भरल्यासारखे दबलेले.

घरी पोचलो. आई ओट्यावरच बसली होती. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. टेंपोकडे पाहिलं, आणि झटकन डोक्यावर पदर घेतला, वडीलधारी मंडळी दारात आल्यावर घ्यायची तसा.

"सुद्या," ती हळूच म्हणाली, "किती दिल्यास?"

"चार," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, अभिमानानंच म्हणालो.

ती उठली. आत गेली, चूल पेटवली, आणि आम्हा दोघांच्या त्या घरात तिनं परातभर पीठ मळायला घेतलं.