तिसरी तक्रार

धाकटीने गोधडीच्या किटमधले चौकोन काउंटरवर असे आपटले, की कापड कापणाऱ्याच्या हातातली पट्टीच खाली पडली.

"हे म्हणे पाच इंचांचे चौकोन. यातला एक तरी पाच इंचांचा दाखवा."

पेटीवर छापलं होतं – कापड कापून तयार, तुम्ही फक्त जोडा. धाकटीने भोळेपणाने जोडायला घेतलं, तर तिसऱ्या ओळीपासून कोपरे एकमेकांकडे पाठ फिरवून बसले. महिन्याभरात ताई बाळंत होणार होती आणि "बाळाची गोधडी मीच शिवणार" अशी फुशारकी धाकटीने घरभर मारून ठेवली होती.

त्याने एक चौकोन उचलून पट्टीला लावला. कान लाल झाले त्याचे.

"दोन सूत कमी. म्हणजे पाव इंच... चूक माझीच आहे. घाईत सोळा पदर एकावर एक ठेवून कापले. खालचे सरकले."

भांडायची जय्यत तयारी करून यावं आणि समोरच्याने पहिल्याच वाक्यात चूक कबूल करावी, यासारखी पंचाईत नाही. शिवाय त्याचे ते डोळे... पण ते तिने नंतर पाहिले, असं ती अजूनही सांगते.

बदलून दिलेली पेटी त्याच गठ्ठ्यातली निघाली. धाकटी पुन्हा गेली, पण या खेपेला राग अर्ध्या रस्त्यातच ओसरला होता.

"आता तुमच्यासमोरच कापतो," तो म्हणाला. "चारच पदर. बसा."

गोल पातं पट्टीच्या कडेने सरसर फिरू लागलं.

"इतकं टक लावून बघू नका... हात चुकेल."

"मी कापडाकडे बघतेय."

"कापड इकडे आहे."

चौकोन चोख उतरले. घरी कोपऱ्याला कोपरा मिळाला आणि धाकटीला रडू यायचंच तेवढं बाकी राहिलं. आता दुकानात जायचं कोणत्या तोंडाने?

चार दिवस तिने कळ काढली. पाचव्या दिवशी आईची कात्री घेतली, एका निळ्या चौकोनाची कड बेताने छाटली आणि तडक दुकान गाठलं.

काउंटरवर त्याच्या शेजारी नेमक्या मालकीणबाई होत्या. त्यांनी चौकोन मोजला आणि तक्रारवही पुढे ओढली.

"तिसरी तक्रार," त्या त्याला म्हणाल्या. "काय ठरलं होतं आपलं? सोमवारपासून दुसऱ्या गावच्या गोदामात."

धाकटी चपापली. हे तिला कुठे ठाऊक होतं? त्याने चौकोन हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, थबकला. एकदाच तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, आणि तरीही तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे. जातो."

"थांबा," धाकटी म्हणाली. "तो मी कापलाय. घरी... कात्रीने."

मालकीणबाईंनी चष्मा काढला. धाकटी त्याच्याकडे वळली.

"तुम्हाला कळलं होतं ना?"

"कात्रीची कड लपत नाही. जराशी दातेरी होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही खोट्या पडला असतात."

"आणि गोदाम?"

"गोदामालाही आठवड्याला एक सुट्टी असते," तो हळूच म्हणाला. "आलो असतो मी... गोधडी कुठवर आली, ते विचारायला."

मालकीणबाईंनी वही धाकटीकडे सरकवली. "तक्रार मागे घ्यायची तर कारण लिहावं लागतं. खरं कारण."

धाकटीने पेन घेतलं. आता मागे फिरणं तिच्या जिवावर आलं होतं. तिने लिहिलं – 'कापडात दोष नाही. कापणारा पुन्हा दिसावा म्हणून आले.'

मालकीणबाईंनी वाचलं, नुसतं "हं" केलं आणि एकही गिऱ्हाईक नसलेल्या पलीकडच्या काउंटरवर लगबगीने निघून गेल्या. मग त्याने वही आपल्याकडे वळवली. 'काय उपाय केला' या रकान्यात त्याने अगदी जपून, एकेक अक्षर मोजल्यासारखं लिहिलं – 'सहाला सुटतो. थांबाल?'

सव्वापाचच वाजले होते. धाकटी थांबली.