भिंतीपलीकडून हिरवी

"कोणी पाय हलवायचा नाही. पुरावा तुडवाल," असं बजावून रोमुलो मिरचीच्या झाडाखाली पालथा पडला.

"पुरावा कसला, कोंबडीची शिट आहे ती," त्याची बहीण आयदे म्हणाली.

त्यांची मावसबहीण यानेला हसली नाही. एरवी सुट्टीतल्या असल्या उद्योगांत ती सगळ्यांच्या पुढे असायची. आज मात्र ती मागे मागे राहत होती. ज्या चोराचा शोध चालला होता, तो चोर तीच होती.

तिघं सुट्टीला देल्फिनामावशीकडे आली होती. मावशी घराची किल्ली मामाकडे देऊन लीमाला गेली होती, तेव्हा यानेलाच्या मनात आलं, ती परत यायच्या आत भरल्या रोकोतोंचा बेत करून तिला चकित करावं. टोमॅटोसारख्या गुबगुबीत रोकोतो मिरच्या अंगणातून कशा लालबुंद दिसत होत्या! तिने एक सोडून सगळ्या तोडल्या आणि चिरल्या. आत बिया पांढऱ्याफटक. पिकलेल्या रोकोतोची बी काळी कुळकुळीत असते, हे अरेकिपातलं शेंबडं पोरही जाणतं. शिवाय मावशीने या मिरच्या बियांसाठीच राखल्या होत्या. झाड म्हातारं झालं होतं, नवं लावायचं होतं. घाबरून यानेलाने सगळं अंजिराखाली पुरून टाकलं.

मावशीने आल्याआल्या झाड पाहिलं आणि तिचा संशय थेट भिंतीपलीकडच्या फाकुंदोकाकांवर गेला. फांद्या भिंतीला टेकलेल्या, काकांचा हात सहज पोचणारा. त्यांनी नेहमीप्रमाणे घरचं चीज पाठवलं, ते तिने तसंच परत धाडलं. "चोराचं चीज नको मला," असं पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. पलीकडून कोणी उत्तर दिलं नाही.

"आयदे, भिंतीवर चढ," रोमुलो उठून म्हणाला. "ही उरलेली मिरची तिथून कशी दिसते?"

"हिरवी."

"नीट बघ."

"हिरवीगार आहे. तुझे डोळे तपासून घे."

"इथून लाल दिसते!" रोमुलोने मावशीला हाक मारली. "मावशी, उन्हाकडची बाजू आधी लाल होते, पाठ हिरवीच राहते. भिंतीवरून काकांना सगळ्या मिरच्या हिरव्या दिसत असणार. बियांची कच्ची मिरची ते कशाला तोडतील? चोर अंगणातच उभा होता. आणि अडाणी होता, मागची हिरवी बाजू त्याने पाहिलीच नाही."

मावशी स्वयंपाकघरातून आली आणि हातातल्या डावासकट स्टुलावर चढली. वाकून तिने मिरचीची पाठ पाहिली.

"शाबास रे," ती खाली उतरून म्हणाली. "आणि मी मेलीने त्या भल्या माणसाला चोर ठरवलं. मग तोडल्या कोणी?"

"मामाने," रोमुलो लगेच म्हणाला. "तू लीमाला गेलीस तेव्हा घराची किल्ली त्याच्याकडे होती."

आता आणखी एकाच्या माथी खापर फुटणार होतं. यानेलाचे कान तापले.

"मामाने नाही," ती म्हणाली. "मी तोडल्या."

आयदे भिंतीवरच बसून राहिली. मावशी ओरडली नाही. तिने डाव खाली ठेवला, यानेलाचा हात धरला आणि फाकुंदोकाकांचं दार ठोठावलं.

"आधी मी बोलते," ती म्हणाली. "माझी चूक मोठी आहे."

तिने माफी मागितली. मग यानेला बोलली, जमिनीकडे बघत, अडखळत.

"ठाऊक आहे मला," काका म्हणाले. "अंजिराखाली खड्डा खणताना पाहिलं होतं तुला."

"मग बोलला का नाहीत?" मावशीचा आवाज चिरकला. "मी इतकं तोंड टाकलं तुमच्यावर!"

"माझं वय झालंय, देल्फिना. चार दिवस कोणी चोर म्हटलं तर माझं काय बिघडतंय? हिला मात्र ते जन्मभर चिकटलं असतं. म्हटलं, आपणहून सांगेल पोरगी." त्यांनी यानेलाच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास. उशीर केलास, पण सांगितलंस."

यानेलाला रडू फुटलं. त्या शाबासकीपेक्षा त्यांनी दोन थपडा दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.