भोपळ्याचं आतडं आणि टाक्यांशिवायची शिवण

शिवलेल्या जागेतून थेंबही झिरपणार नाही, अशी शिवण कुठे असते का? शाल्मलीला हा प्रश्न पडला कुडाळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात, रडून रडून नाक लाल झाल्यावर.

तिच्या भोपळ्या नावाच्या कुत्र्याने आंब्याची कोय गिळली होती. खादाडपणात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता! कोय आतड्यात अडकली, आणि हा पठ्ठ्या निपचित पडला. दवाखाना तिच्या आजोबांचाच.

"कोय काढणं सोपं गो," आजोबा म्हणाले. "कापलेलं आतडं जोडणं, तिथे खरी कसोटी."

"शिवा ना मग!"

"शिवतातही. पण सुईच्या प्रत्येक टोच्याला नवं भोक. त्यातून आतली घाण पोटात झिरपली, तर भोपळ्या हातचा जाईल."

शाल्मली पुन्हा मुसमुसू लागली. आजोबांनी तिला जवळ घेतलं.

"अंडं तव्यावर फोडलं, की पांढऱ्याचं काय होतं?"

"घट्ट होतं. तव्याला चिकटतं, आणि आई माझ्यावर ओरडते."

"त्यात प्रथिनं (शरीर घडवणारे पदार्थ) असतात. तापली, की त्यांच्या गुंडाळ्या सुटतात आणि एकमेकींत गुंततात. तसलाच लेप आपण कापलेल्या कडांवर लावायचा. त्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण. वरून लेसर (एकाच रंगाच्या प्रकाशाचा बारीक, सरळ झोत) सोडायचा. कण प्रकाश शोषून तापतात, लेप घट्ट होऊन कडा धरून ठेवतो. ऊब लेपापुरतीच, त्यामुळे आजूबाजूचं आतडं भाजत नाही."

"पण तुमचा हात तर थरथरतो!"

"म्हणून तर चिमट्या आहे," आजोबा हसले. चिमट्या म्हणजे त्यांचा तीन हातांचा यंत्रमानव. लेसर तो धरणार होता.

शाल्मली काचेबाहेर बसून पडद्यावर पाहू लागली. कोय निघाली. लेप लागला, झोत फिरला. मग आतड्यात हवा भरून वर खारं पाणी ओतलं, सायकलची ट्यूब पंक्चरवाला बादलीत बुडवतो तसं.

"गळती नाही," चिमट्या म्हणाला.

"आहे!" शाल्मली काचेवर थापा मारत ओरडली. "डावीकडे बुडबुडा आला!"

आजोबा थांबले. चिमट्या आजवर चुकला नव्हता, आणि नात तर घाबरलेली होती. तरी ते म्हणाले, "पुन्हा हवा भर."

टप्पोरा बुडबुडा वर आला. तिथे लेप विरळ पडला होता. आजोबांनी आणखी लेप लावला, चिमट्याने झोत धरला. या वेळी पाणी अगदी स्तब्ध राहिलं.

संध्याकाळी भोपळ्याने एक डोळा उघडला आणि शेपूट जेमतेम हलवली. शाल्मलीला रडू आवरेना, आणि आजोबांनाही.

"आजोबा, माणसांची आतडीही अशी जोडतील?"

"तू मोठी होशील तोवर जोडू लागतीलही. यंत्रं याहून हुशार होतील. पण बुडबुड्यावर नजर ठेवायला जीव लावणारं कोणीतरी लागेलच."

"मी येईन ना," शाल्मली म्हणाली.